दोन पुरूस, एक हात

सीताबर्डीच्या गल्लीत रिझवाननं
काउंटरवर तीन खोकी मांडली.
"मॅडम, हे समुद्रात शंभर मीटर खालचं दाखवते."
मी म्हटलं, आमच्या तलावात
शंभर मीटर खोल फक्त निविदा जातात.
तो हसला नाही. त्याला बिल करायचं होतं.

मला हवं होतं उथळाचं यंत्र.
उंच स्वराचं, बारीक शंकूचं,
कमरेएवढ्या पाण्यात न गोंधळणारं,
गेलो त्या वाटेचा ठिपका न् ठिपका
कार्डावर लिहून ठेवणारं.
मधलं घेतलं. पडदा लहान, स्मरण मोठं.
बॅटरी लिथियमची, बारा व्होल्टची,
कारण जुनी जड बॅटरी ठेवली की
डोंगा कुणीकडे कलतो
हे दसरू नान्हेंनी आधीच सांगितलं होतं,
अशा शब्दांत की इथे लिहिता येत नाही.

मेट्रोचे खांब संपतात
तिथून पुढे तीन किलोमीटरवर तलाव.
सकाळी सातला आम्ही पाइप बांधला:
नळवाल्याकडचा पाऊण इंची,
सुताराचा शिकंजा, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या.
पाइपाच्या टोकाला साबणाच्या वडीएवढा ट्रान्सड्यूसर,
पाण्याखाली बरोबर एक वीत.
तो सपाट बसला पाहिजे.
तिरका बसला तर तळ तिरका दिसतो
आणि माणूस तळाला दोष देतो.

पडदा उजळला, लगेच मासे उगवले.
निळे, एकाच साच्यातले, पोटावर आकडे.
दसरू वाकले. "हा कोनता? रोहू का मरळ?"
मी मेनूत शिरले आणि मासे बंद केले.
बुडबुडा मासा होतो त्यात, शिंगाड्याची वेल मासा होते.
"माशे बंद?"
"बंद."
"मंग हे माशाचं यंत्र घेतलं कायले, व माय?"

घाटाच्या पायरीवर ऑइलपेंटची रेघ मारली,
आजचं पाणी इथवर.
मग पेरणीच्या तासांसारख्या ओळी,
दहा-दहा मीटरवर, चालण्याच्या वेगानं.
ते वल्हवत, मी आकडे बघत,
मधून मधून दोरीला बांधलेला दगड ते सोडत.
"दोन पुरूस, एक हात."
पुरूस म्हणजे कोणता पुरुष?
"मी," ते म्हणाले. "दुसरा कोन हाय डोंग्यात?"

दसरू पाच फूट दोन इंच.
वहीत हिशेब केला: तीन मीटर एकोणसाठ.
यंत्र म्हणत होतं तीन चौतीस.
दुसऱ्या ठिकाणीही तेवढाच फरक. तिसऱ्याही.
मनात मी त्यांची उंची कमी करत गेले,
हात आखूड करत गेले, दोरी ओली म्हणून ताणली.
अकरा वाजता लक्षात आलं, ती वीत.
यंत्र स्वतःपासून खाली मोजतं.
वरचं पाणी त्याला कुणी सांगावं लागतं.
तेवीस सेंटिमीटर भरले, तीन सत्तावन्न झाले.
उरलेले दोन दगडानं गाळात घातले असतील.
मी काही बोलले नाही. त्यांनी विडी पेटवली.

तुडुमाजवळच्या कोपऱ्यात पडदा एकदम घसरला.
चार. पाच. सहा वीस.
वल्हं थांबलं.
"इथं लाइन नको मारू."
मे महिन्यात सगळा तलाव ताटासारखा होतो,
तेव्हा जीव जगतो तो याच भोकात.
ठेकेदाराले नकाशा भेटला की
पह्यलं जाळं इथं.
मी कार्डाकडे बघितलं. ठिपका पडून गेला होता.

पॉलिटेक्निकच्या खोलीत, पंख्याखाली,
समखोलीच्या रेषा आपोआप वळत गेल्या,
एकात एक, लाकडातल्या वर्तुळांसारख्या.
कोपऱ्यातल्या बत्तीस नोंदी
मी एकेक करून पुसल्या.
अहवालात लिहिलं:
सदर भागात शिंगाड्याच्या वेलींमुळे
मोजमाप होऊ शकले नाही.

साहेबांनी सही केली.
शिंगाडा तिथे लागत नाही.
पाणी फार खोल आहे.