मुका ह

मंगळवारी नि शुक्रवारी, साडेसहाला,
वास्कोत, खारेवाड्याच्या मासळीबाजारामागे
बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर
कायतान रिबेलो मला अक्षरं शिकवतो.
एकवीस वर्षं बोटीच्या पॅन्ट्रीत कपबश्या विसळताना
त्याने स्पॅनिश गोळा केली, चिल्लरीसारखी.
व्याकरणाची एकही नोट नाही.
फी म्हणून मी त्याच्या पँटींची कंबर आवळून देते.

"हे आचे," तो म्हणतो.
"लिहायचं, पण बोलायचं नाही.
लग्नातला अबोल काका असतो ना,
खुर्ची धरायची त्याची, हाक मारायची नाही."
म्हणून तिकडे नमस्काराला ओला म्हणतात.
मला हसू येतं. खाली गोणपाटं ओली, जिना ओला,
इथे सगळं आधीपासूनच नमस्कार करत बसलंय.

मी हेमांगी. तिकडे एमांगी.
"ह हवा तर जे घालून लिही," असं म्हणून
तो घशातून असा खाकरतो
की बर्फवाला काम थांबवून वर बघतो.
म्हणजे त्याचा भाऊ जुझे तिथे खोसे.
पण माझ्या पासपोर्टावर एच आहे,
बोट कंपनीच्या अर्जावरही एच.
एक्केचाळीस वर्षं वापरलेला ह
धक्क्यावर ठेवून जायचा.

व आणि ब एकाच पेल्यातले.
ओठ मिटत आणायचे, मिटायचे नाहीत,
गरम पेजेवर फुंकर घालावी तसं.
वास्कोचं बास्को होतं,
आणि जिना उतरून मी भलत्याच गावात पाऊल ठेवते.

थ म्हणताना जीभ दातांत.
पुढचा दात पडल्यापासून, कायतान सांगतो,
त्याचा थ माद्रिदच्या बिशपाच्या तोडीचा झालाय.
पलीकडच्या गॅलरीत एर्मेलिंदाबाई कपडे काढता काढता ऐकते.
तिच्या मते ही सगळी
सर्दी झालेली पोर्तुगीज आहे.

मग तो एक एन काढतो, डोक्यावर नागमोडी रेघ.
अरे, ह्याला मी ओळखते!
पेडण्याच्या शाळेत, भिंतीवरच्या तक्त्यात,
चमचा, छत्री, जहाज, झबलं,
आणि पाचव्या चौकोनात हा, चित्राशिवाय.
बाई पट्टी पुढे सरकवायच्या.
ञ.
तिकडे नोकरीला लागलाय तो!
वर्षात आहे, लहान मुलात आहे,
मञाना म्हणजे उद्या, तोही ह्याच्यावाचून उजाडत नाही.
गावातलं निकामी पोर परमुलखात
इस्त्रीच्या शर्टात भेटावं, तसं वाटलं.

दोन एल म्हणजे य.
इथे कायतान उठतो, खिळ्यावरची किल्ली काढून
टेबलावर ठेवतो. पितळी, बारा नंबरची,
लास पाल्मासच्या कुठल्याशा खानावळीची.
"यावे," म्हणतो. किल्लीला यावे म्हणतात.
मी दोनदा म्हणते. तिसऱ्यांदा तो म्हणतो, पुरे.
परत का नाही केली, ते मी विचारत नाही.
वहीत लिहून घेते:
कंबर अजून अर्धा इंच आत.

रात्री खोलीवर, मशीनपाशी, घोकंपट्टी.
मुक्या ह चे पाच शब्द पाठ करायचेत.
सुईच्या नाकाशी दोरा नेते.
दोरा म्हणजे इलो.
इलो. इलो. चुकला. इलो.

पडद्यापलीकडे बाबा. दिसत नाही त्यांना,
कान मात्र अजून पेडण्याच्या उंबऱ्यावर बसलेले.
"कोण इलो?"
"कोण नाय, बाबा. दोरो."
जरा वेळ काहीच नाही.
मग खाट करकरते.
"मगे बस म्हण तेका."