जिवाणी

आमच्यात पाणी दुहेरी फडक्यातून गाळतात.
फडकं झटकायचं नसतं.
ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत
गाळलेले जीव हलकेच परत सोडायचे.
त्याला जिवाणी म्हणतात.
आक्का सून होऊन आली तेव्हापासून हे करते.
आता हात थरथरतो, पण थेंब बाहेर पडत नाही.

आणि त्याच विहिरीपासून बारा पावलांवर
मी फोरेटची पिशवी विळ्यानं फाडायचो.
सरीत मुठीमुठीनं दाणे.
हुमणी मरायची. गांडुळंही.
घरात कुणी काही म्हटलं नाही.
मीही दिवस मावळायच्या आत जेवून
निष्पाप झोपायचो.

मग रान पांढरं पडायला लागलं.
आधी ओढ्याकडचा बांध, मग अर्धी पट्टी.
कुणीतरी मिठाचं पोतं ओढत नेल्यासारखं.
ऊस गुडघ्याएवढा होऊन थांबला.
अण्णा म्हणाले, पाणी वाढव.
चिटबॉय म्हणाला, युरिया वाढवा.
वाढव एवढंच सगळ्यांना येत होतं.

त्रिशला जयसिंगपूरची, शेतात नवी.
एका दुपारी तिनं त्या पट्टीतलं ढेकूळ
तांब्यात विरघळवून आणलं
आणि आक्काच्या फडक्यावर ओतलं.
चिखल. खाली खारट पाणी. बाकी काही नाही.
"बघा आत्या,
परत सोडायला एकसुदीक जीव न्हाई."

आक्का त्या दिवशी जेवली नाही.
उपवास आहे म्हणाली.
कसला, ते कुणी विचारलं नाही.

त्या साली आम्ही पाचट पेटवलं नाही.
रात्री सगळं शिवार उजळलेलं,
राख उडून दोरीवरच्या धोतरांवर बसत होती,
आमचंच रान तेवढं काळोखात.
नेमगोंडाकाका बांधावरून ओरडला,
"काडीपेटी संपली काय रं? देऊ का?"
सगळे हसले. अण्णा नाही.
रोटाव्हेटर न्यायला गिऱ्हाईक आलं
तेव्हा त्यांनी एकेक पातं फडक्यानं पुसलं
आणि पैसे न मोजता खिशात घातले.

पहिला उतारा एकरी एकोणीस टन.
अण्णांनी तो आकडा कोळशानं
गोठ्याच्या भिंतीवर लिहिला,
मला चहा पिताना दिसेल असा.

खालच्या पट्टीत चर मारले, ऊस सोडला.
धैंचा पेरला, गाडला नाही, नुसता आडवा केला.
बांधावर करंज, भोकर, जांभूळ, शिसव.
लिंब आपोआप आला, त्याला कोण नको म्हणणार.
त्रिशलानं शेणाच्या पिंपात जिवाणू वाढवायला घातले.
आक्काला तो शब्द नीट ऐकू आला नसावा,
ती रोज जाऊन पिंपावरचं फडकं सारखं करायची.

मग तिनं उंबर मागितलं.
आम्ही एकमेकांकडं बघितलं.
उंबर आमच्यात खात नाहीत,
फळात जीव असतात म्हणून.
"व्रत आपलं हाय," ती म्हणाली,
"पाखरांनी कुठं घेतलंय?"
आणि स्वतःच्या हातानं विहिरीच्या अंगाला लावलं.

चार वर्षं झाली.
उंबराला अजून फळ नाही.
पट्टीचा कोपरा अजून पांढराच आहे,
तिथं लावलेली तीन करंजं मेली, चौथं हट्टी निघालं.
गेल्या हंगामात अडतीस टन पडला.
नेमगोंडाकाकाला बासष्ट.
तो हे भेटेल तेव्हा सांगतो.
मात्र हल्ली आमच्या बांधावर बसून सांगतो,
भोकराच्या सावलीत.

परवा रात्रभर झड होती.
सकाळी अण्णा खळ्याकडच्या फरशीवर
ओणवे होऊन काहीतरी शोधत होते.
चष्मा पडला असेल म्हणून मी गेलो.
त्यांच्या तळहातावर एक गांडूळ,
ओल्या सुतळीसारखं, वळवळणारं.
पाय घसरत, तोल सावरत
ते सरीपर्यंत गेले,
पाचट दोन बोटांनी उचललं,
आणि हात झटकला नाही.
कितीतरी वेळ तसेच वाकून राहिले,
ते आपणहून उतरेपर्यंत.

मग मला बघून म्हणाले,
"हुबा काय ऱ्हायलास? चहा झाला का बघ जा."