पंप थांबल्यावर

चार वाजून दहा मिनिटांनी पंप थांबला.
आधी दिवे गेले, मग पंख्यांची घरघर,
आणि खाली ट्राम वळणावरच उभी राहिली,
दारं अर्धवट उघडून.

ल्विव्हमध्ये आम्ही आता वेळापत्रक बघत नाही.
वीज येते तेव्हा येते.

आत मार्कियानने वितळवलेला तुकडा होता,
मसुराच्या दाण्याएवढा. एका होल्मियमला दोन कोबाल्ट.
कागदी पुडीवर त्याचं किरटं अक्षर:
सात वेळा वितळवला, उलटून उलटून.
तरी खात्री नाही.

पुडी माझ्या खिशात आहे. मार्कियान
पूर्वेला कुठेतरी जनरेटर दुरुस्त करतो म्हणे, चिखलात बसून.
त्याला तेही येतंच.

पंपाने नायट्रोजनला ओढून ओढून
सहासष्ट केल्विनपर्यंत खाली आणलं होतं.
आता ओढणारं कुणी नाही.
तुकडा आपसूक चढणार, आपल्या चालीने.
"आजचं मोजमाप गेलं," यारेमा म्हणाला.
तेवीस वर्षांचा आहे. सगळं लगेच जातं त्याचं.

कपाटातून बॅटरीवरचा जुना मीटर काढला.
काच तडकलेली, काटा शहाणा.
कपाळाला दिवा बांधला. मी आकडे सांगायचे,
त्याने लिहायचे, पेन्सिलने,
बोटं हातमोज्यांतून तेवढीच बाहेर.

हे शास्त्र मी शिकले नाही. ऐकलं,
एकतीस वर्षं, वायू भरता भरता:
की या संयुगात कोबाल्टला स्वतःचं असं चुंबकपण नसतं.
गारठ्यात होल्मियमचे अणू एका दिशेला वळले
की त्यांच्या ओढीने तो जागा होतो,
आणि जागा होतो तो पाठ फिरवून,
अगदी उलट तोंड करून.
प्राध्यापक हे मोठं नवल म्हणून सांगायचे.
मला कसलं नवल? आईच्या घरात
आम्ही तिघी बहिणी रोज सकाळी अशाच उठायचो.

सत्तर. एकाहत्तर.
मुंगीच्या पावलांनी.
बाहेर कुणीतरी कॉफीवाल्याचं यंत्र दोरी ओढून सुरू करत होतं,
ते खोकायचं नि गप्प व्हायचं.
चौऱ्याहत्तरला काही नाही.
पंचाहत्तरलाही नाही. यारेमाने पेन्सिलीला टोक केलं.

आणि शहात्तरच्या जरा पुढे
काटा थबकला.
तापमानाचा. उष्णता आत जात होती,
मला हाताला कळत होतं ती जातेय,
आकडा मात्र जागचा हलेना.
रोध तेवढा उसळला, एकदम, पायरी चढल्यासारखा.
"बिघडला?" यारेमा कुजबुजला.
नाही रे बाबा.
आत एका रांगेत उभे होते सगळे.
त्यांना मोकळं करायलाही काही खर्च येतो,
तो चाललाय.

वीज असायची तेव्हा आम्ही हीटर लावून
ही पायरी धावत ओलांडायचो. आलेखावर नुसता उतार दिसायचा,
मऊ, पुसट, आणि मार्कियान कपाळाला हात लावायचा:
माझ्याच भट्टीत खोट आहे.
खोट आमच्या घाईत होती.
तुझा तुकडा चांगला आहे, मूर्खा.

साडेसातला दिवे आले.
सगळी यंत्रं एकदम किणकिणली, शून्यावर जाऊन बसली.
ट्रामने दारं मिटली.

उतरतीचा आकडा चढतीपेक्षा वेगळा येतो.
जायची वाट नि परतायची वाट
या धातूला एक नाही.
पण पुन्हा गारठवायला नायट्रोजन उरला नव्हता,
गाडी आली तर गुरुवारी.

पुडीवर, त्याच्या ओळीखाली, मी लिहिलं:
उबताना शहात्तर पूर्णांक तीन.
परतताना
आणि पुढे जागा सोडली.