दोनशे दहा

मिठागरात सात महिने ओव्हरटाइम करून
जमवलेले पैसे बुटात घालून मी आले
स्वाकोपमुंडच्या धावपट्टीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये.
रियानला छत्री विकायची होती.
जांभळी, एकशे पस्तीस चौरस फुटांची,
घडी घातली की पावाच्या डब्याएवढी.
"नुसता विचार केलास," तो म्हणाला, "तरी वळते."
मला तेच हवं होतं.
मोठ्या छत्रीखाली मी लोंबकळते
वाळत घातलेल्या पायजम्यासारखी,
आणि सगळे माझ्या आधी पोचून चहा पितात.

आडेलहाइट शिलाई मशीनवरून उठली नाही.
तिचे हात आईच्या हाताखाली तयार झालेले:
हेरेरो बायकांचे ते घेरदार झगे,
एकेकाला दहा-दहा मीटर कापड,
आणि प्रत्येक चुणीला कारण.
आता ती राखीव छत्र्यांच्या घड्या घालते
आणि प्रत्येक घडीची जबाबदारी सहीनिशी घेते.

"वजन?"
सांगितलं.
"हे तुझं. बुटांचं, हेल्मेटचं, पाठीवरच्या ओझ्याचं कोण सांगणार?
उड्या?"
"सव्वीस."
"त्यातल्या उभ्यानं उतरलीस किती?"
मी पत्र्यातल्या भोकाकडे पाहत राहिले.

तुळईला टांगलेल्या पट्ट्यांत तिनं मला बसवलं.
मांडीचा पट्टा चार बोटं सैल.
"हा रियानच्या मांडीचा. हवेत तू उलटी झालीस
तर हार्नेस राहील छत्रीला, आणि तू..."
वाक्य तिनं दोऱ्यासारखं दातानं तोडलं.

मग डोळे मिटायला लावले.
"दोऱ्यांना पीळ पडलाय. गरगर फिरतेस.
तीन हजार फूट. हात कुठे?"
उजवा हात छातीवर चाचपडला,
शर्टाच्या बटनापाशी अडला.
"अडीच हजार."
बाहेर कुणीतरी जीप सुरू करत होतं, होत नव्हती.
"दोन हजार."
"थांब ना."
"पंधराशे," ती म्हणाली.
मूठ सापडली तेव्हा ती मशीनवर परत बसली होती.

रियाननं तोवर किंमत पाचशेनं उतरवली.
तो खुर्चीतून उठतो कसा, हे मी तेव्हाच पाहिलं:
आधी दोन्ही हातांनी डावा पाय बाजूला ठेवतो.
मी विचारलं नव्हतं. तोच म्हणाला,
"वाऱ्याकडे तोंड करायचं राहिलं होतं.
म्हणून वळलो. वीस मीटरवर.
आडवा उतरलो असतो तर नुसता खरचटलो असतो."

अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात.
पाय शाबूत हवे असतील
तर आधी अंथरूण मोठं घ्यावं.

बुटातल्या पैशांचं असं झालं:
हेल्मेट नवं, कारण डोकं एकच.
मनगटावर उंचीमापक, आकडे ढोबळ,
घाबरलेल्या माणसालाही वाचता येतील असे.
आणि मी गोठलेच, तर राखीव छत्री
आपणहून उघडणारं यंत्र. त्याची मुदत
आडेलहाइटनं भिंगातून दोनदा वाचली.
छत्री मात्र भाड्याची. दोनशे दहा.
फिकट पिवळी, कोपऱ्यात ठिगळ,
ठिगळाची टीप सरळ.

शनिवारी अटलांटिकवरून धुकं आत आलं.
दहा हजार फुटांवर दार उघडलं.
खाली ना वाळू, ना किनारा, ना मिठागर.
"तिकडे भोक आहे बघ," पायलट इमॅन्युएल ओरडला.
शंभर उड्यांवाले दोघं गेले. धुक्यानं त्यांना
आवाज न करता गिळलं.
भोक होतं खरं. हलत होतं.
मी गुडघ्यांवर होते, वारा बाहीत शिरत होता,
पट्टे घट्ट, यंत्र चालू, काटा बरोबर, सगळं बरोबर,
आणि मला उतरायची जागा दिसत नव्हती.

विमानातून खाली येताना कान जास्त दुखतात.
"पैसे परत मिळत नाहीत हं, टुयेनी,"
इमॅन्युएल म्हणाला, जरा वेळानं.
ते दोघं तासाभरानं सापडले, रस्त्यापलीकडे,
हसत, एकाचं मनगट सुजलेलं.
मला त्यांचा हेवा वाटला. अजूनही वाटतो.

वहीत त्या दिवसाला क्रमांक नाही.
तारीख आहे, विमान आहे, दहा हजार फूट आहे.
छत्री किती उंचीवर उघडली, त्या रकान्यात
पेन्सिलीनं लिहिलंय:
दार लावून घेतलं.