खैराच्या खुंट्या

नेरूळच्या कॉलेजात आमचा अठरा जणांचा बँड,
त्यात मी चौथा ट्रम्पेट.
चौथा म्हणजे ज्याची चूक
पहिल्या तिघांच्या आवाजात बुडून जावी असा.

ट्रम्पेट पप्पांचा,
तळवलीच्या मरीआई ब्रास बँडमधला.
भोंग्याला पोचा आहे एका हळदीतला,
नाचता नाचता नवरीच्या मामाचा कोपर लागलेला.
मिस्किटा सरांनी पोचा अंगठ्याने चाचपला,
म्हणाले, राहू दे, ठोकून काढू नकोस.

क्युबा नकाशात शोधावा लागला.
सापडला तेव्हा सुक्या बोंबलासारखा वाकडा.
सर म्हणाले, तिथे आफ्रिकेतून माणसं आणली ऊस तोडायला,
साखळ्या घालून.
ढोल काढून घेतले त्यांचे,
तर त्यांनी मालाच्या पेट्या वाजवल्या.
भव्य गालाने तुर्भ्याच्या मार्केटातून
आंब्याची पेटी आणली.
पहिल्याच थापेला फुटली.

मग क्लावे. दोन काठ्या, एकीवर दुसरी.
हवानाच्या गोदीतल्या खुंट्या होत्या म्हणतात या,
जहाजाची फळी फळीला धरून ठेवणाऱ्या.
दमयंती तांडेल तेव्हा काहीच बोलली नाही.
सोमवारी दिवाळ्याच्या जेटीवरून
रुमालात गुंडाळून दोन घेऊन आली,
खैराच्या,
आज्याने होडीसाठी तासलेल्या आणि उरलेल्या.

टक् – – टक् – – टक् –
– – टक् – टक् – – –

तीन आणि दोन. एवढंच.
आणि एवढं काही झालं तरी सोडायचं नाही.

अद्वय तबला शिकलेला, कोंग्यावर बसवला होता,
रोज विचारायचा, सर, सम कुठे?
सर म्हणायचे, शोधू नकोस.
बासवरची शिरीन तर एकावर हात उचलूनच धरायची,
एकाच्या आधीच येऊन गेलेली,
पाहुणे बसायच्या आत
पानं वाढून निघालेल्या बाईसारखी.

फेब्रुवारीत कार्यक्रम.
सभागृहातले पंखे बंद, कागद उडतात म्हणून.
पप्पा मागे भिंतीशी उभे.
बसा म्हटलं तर म्हणाले,
वाजतंय तं बसाची सवय नाय आपल्याला.

तिसऱ्या रचनेत आठ बार होते
एकट्या चौथ्यासाठी. सरांनी हौसेने दिलेले.
मी घुसलो.
मात्रा नाही चुकलो, अख्खी बाजू चुकलो,
दोनच्या जागी तीन,
आणि इतक्या खात्रीने चुकलो
की आठ बार संपल्यावर पहिल्या तिघांनी माझं ऐकलं,
ट्रॉम्बोननी त्यांचं,
सॅक्सोफोननी ट्रॉम्बोनचं.
कोंगा डगमगला. बाससुद्धा सरकला.
लोकांना काही कळलं नाही,
कुणीतरी शिट्टी मारली.

सरांनी दमयंतीकडे पाहिलं.
सोपं होतं तसं,
सतरांना परत आणण्यापेक्षा
एकीला वळवणं.
ती वर बघत होती, बंद पंख्याकडे.

टक् – – टक् – – टक् –

सरांनी हात खाली सोडले.

आधी शिरीन थांबली.
तारेवर हात ठेवून अर्धं चक्र गिळलं तिने,
आणि आत आली.
मग अद्वय. मग सॅक्सोफोन, एकेक करून,
रांगेत नाही, जसे जमेल तसे.
मी ट्रम्पेट ओठावरून काढला.
चार महिने रोज तिच्या मागे दोन हातांवर उभा होतो,
त्या खुंट्या पहिल्यांदा तेव्हा ऐकल्या.
शेवटचा मी आलो.

पार्किंगमध्ये पप्पांनी माझं नावच काढलं नाही.
ती पोर कोनाची?
तांडेलांची. दिवाळ्याची.
हलदीला येल का वाजवाला?
विचारतो म्हटलं.

पामबीचच्या सिग्नलला स्कूटर थांबली
तेव्हा त्यांच्या नखाने
आरशाच्या काचेवर तीन वाजवले.
दोन वाजायच्या आत
हिरवा लागला.