पिवळा मुळा

टेम्पो गेला.
कुपवाडच्या दोन खोल्यांत आता खोकी, गाद्यांच्या वळकट्या
आणि भिंतीला टेकवलेला आरसा, त्यात पुन्हा तीच खोकी.
कुकरची शिट्टी कशात बांधली, कुणालाच आठवत नाही.
ह्यांनी सिलिंडर जोडला, रेग्युलेटरला साबणाचं पाणी लावलं,
वाकून बघितलं.
बुडबुडा आला नाही.
झाली चूल वेगळी.

आधी दूध उतू घातलं, रीत म्हणून.
मग कढईत तेल ओतलं
आणि काळ्या पेस्टचा डबा उघडला.

संचिता म्हणायची, काकी, कोरियात घर बदललं की
त्या दिवशी हेच खातात. जाजांगम्यन.
खोक्यांच्या मधे, जमिनीवर पेपर पसरून.
बंदरावर उतरलेल्या चिनी माणसांनी आणलं म्हणे ते,
गाव सोडून आलेल्यांनी.
मग तिकडच्यांनी त्याला गोडी लावली
आणि ते तिकडचंच झालं.
मी कांदा चिरत नुसतं हूं म्हटलं होतं.

ती पेस्ट सांगलीत कुठं मिळायला!
आम्ही दोघींनी खणभागातल्या माडीवर केली.
वाळव्याचं सोयाबीन, जे आम्ही पोत्यानं विकतो
आणि ताटात कधी घेत नाही,
ते शिजवलं, गव्हाच्या पिठात घोळून आंबवलं,
गूळ जाळून जाळून काळा केला.
दहा दिवस माडीभर वास.
आक्का जिन्यातून ओरडल्या,
उंदीर मेलाय का बघा गं वर!

पुढं भांडण नळाच्या पाण्यावरून झालं,
मग लाइट बिलावरून,
मग त्याला कारणही लागेना.
वाटणीत कढई मला आली, डाळीचं जातं त्यांना.
पेस्टवर कुणी हक्क सांगितला नाही.

कांदा, बटाटा, कोबी, सगळं चौकोनी.
डुकराच्या जागी कोंबडी.
शेवया मिरजेच्या शमशादबींकडच्या,
यंत्राला जाड चाळणी लावून पाडलेल्या.
एवढ्या जाड? खीर कशी व्हायची गं, म्हणाल्या.
काळ्या रश्शाला उकळी आली तेव्हा
चमचाभर कांदा-लसूण चटणी घातली.
घालायची नसते.
घातली.

इतक्यात खाली स्कूटीचा हॉर्न.
संचिता, हेल्मेट तसंच डोक्यावर,
पिशवीतून बरणी काढते. झाकणावर फडकं,
आक्कांच्या जुन्या जांभळ्या लुगड्याचं, दोन गाठी मारून.
आत मुळ्याच्या चकत्या. व्हिनेगर, साखर
आणि हळद, राजापुरी, जरा जास्तच.
आक्कांच्या हातून ती जरा जास्तच पडते.

तू केलास?
नाही, आईनं.
म्हणाली, त्या काळ्याबरोबर पिवळा मुळा लागतो
असं म्हणत होतात ना तुम्ही.

म्हणजे जिन्यात.
म्हणजे त्या दहा दिवसांत,
नाकाला पदर लावून.

पेपर पसरले. तिघं बसलो.
ह्यांनी एक चकती उचलली, उजेडाकडं धरून बघितली,
खाल्ली, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.
संचिताच्या हनुवटीवर काळा ओघळ.

रात्री बरणी धुतली. हळदीचा डाग काही निघाला नाही.
बरणी परत द्यायला हवी.
रिकामी तर देत नाहीत.
कढईत अजून दोन वाट्या उरलंय,
आणि आक्कांना कोबी आवडत नाही, तो तेवढा
वेचून काढत बसलेय.