चव्वेचाळीस

मार्केट यार्डाच्या मागं आमचं घर,
म्हणून कॅबिनेटचं झाकण काढलं तेव्हा
आत हळद होती.
पंख्याच्या पात्यांवर, हीटसिंकच्या फटीफटीत,
सहा वर्षांची, हलकी, पिवळी,
जणू कुणी प्रोसेसरचं लग्न ठरवून
मधेच विसरून गेलं.

ब्रशनं झाडली. स्पिरिटच्या बोळ्यानं
वाळलेली पेस्ट पुसली, नवी लावली,
मसुरीच्या दाण्याएवढीच.

आप्पा दारात उभे.
एकतीस हंगाम कारखान्याच्या बॉयलरवर काढलेला माणूस,
दिवस मावळायच्या आत जेवून
सबंध रात्र मोकळा.
"नवाच का घेत न्हाईस?"
पैशाचं बोलणं मला नको होतं.
"यातच जोर आहे अजून. कंपनीनं थोडा राखून ठेवलाय."
"राखलाय तो कशापायी, ते इचारलंस?"

विचारलं नव्हतं.
मग जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं:
शंभराला बेचाळीसनं गुणून हा चालतो,
आपण त्रेचाळीस करायचे आणि थांबायचं.
तासभर राबवायचा, अंश बघायचे.
एका वेळी एकच पायरी.
लागलंच तर व्होल्टेज, चिमटीनं, मिठासारखं.
मीठ जास्त झालं तर पाणी तरी घालता येतं.
"हां," म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले.

त्रेचाळीस: एकाहत्तर अंश.
चव्वेचाळीस: शहात्तर.
पंचेचाळीसला व्होल्टेज द्यावंच लागलं. त्र्याऐंशी.
"कितीवर आलंय?" दर थोड्या वेळानं आप्पा,
श्रावणात अख्खी सांगली
आयर्विन पुलाचे फूट विचारते त्याच आवाजात.

शेहेचाळीसला पडदा निळा झाला
आणि सगळं गप्प.

आप्पा उठून उभे. हात भिंतीवर
कुठलातरी व्हॉल्व्ह शोधत.
"काही झालं नाही, आप्पा. पेलेना तर थांबतं ते.
आणि फारच तापलं तर स्वतःच बंद होतं."
"सोताच?"
"स्वतःच."
बराच वेळ ते त्या शब्दापाशी बसून राहिले.

अठ्ठ्याण्णवच्या हंगामाचं आप्पा बोलत नाहीत.
भरमू चौगुल्यांच्या मुलाचं लग्न मीच शूट केलं होतं.
एडिटिंगला बसले तेव्हा दिसलं,
अक्षता टाकायला भरमूकाका
डावा हात वापरतात.

पुन्हा पंचेचाळीस. चाचणी रात्रभर.
पहाटे पाचला कारखान्याचा भोंगा झाला,
मळीचा वास खिडकीतून आत आला,
चाचणीत एकही चूक नाही.
मी जिंकल्यासारखा आळस दिला.
आप्पा शाल सावरत म्हणाले,
"ही पुसातली रात हाय, पद्मा."
आणि वर पत्र्याकडे बघितलं फक्त.

बोलण्यासारखं काही उरलं नाही.
लगीनसराई वैशाखात असते,
आणि वैशाखात या खोलीत
मेणबत्तीसुद्धा उभी राहत नाही.
एक पायरी उतरले. व्होल्टेजही होतं तिथं नेलं.

आता दीड तासाचं लग्न, शालूच्या जरीसकट,
चार मिनिटं आधी बाहेर पडतं.
चार मिनिटं!
हसायला आलं. एक चहासुद्धा धड होत नाही तेवढ्यात.
पण ही चार मिनिटं
मला मे महिन्यात परत करावी लागणार नाहीत.

आप्पांनी ट्रंकेतून जुनी लॉगची वही काढली,
मागची पानं कोरीच होती.
छापील 'दाब' खोडून वर 'अंश' लिहिलं.
तेव्हापासून मी रात्री रेंडर लावून झोपते
आणि ते, कुणी सांगितलं नसताना,
दर तासाला चष्मा लावून नोंद करतात.
कालचं पान बघितलं:

रात्री ३. पंचाहत्तर. सही.
शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात:
आवाज बरा.